गच्चीवरच्या लांबट कुंड्या: दुपारी ३८ अंश, संध्याकाळी वळीव. मोगरा, जास्वंद, अनंत कसे सांभाळायचे?

कोथरूड_गच्ची

नमस्कार मंडळी. गच्ची पश्चिमेला उघडी आहे, दुपारी बारा ते सहा थेट ऊन. कठड्याच्या कडेने काळ्या प्लास्टिकच्या चार लांबट कुंड्या आहेत, प्रत्येकी ९० सेंमी लांब, ३० रुंद, ३० खोल. पहिलीत मोगऱ्याची दोन झाडं. दुसरीत साधी लाल जास्वंद. तिसरीत अनंत आणि कुंती शेजारी शेजारी. चौथीत बोगनवेल आणि तिच्या पायाशी हिवाळ्यात लावलेले पिटुनिया.

माती: नर्सरीतली तांबडी माती आणि शेणखत निम्मंनिम्म, तळाला ५ सेंमी खडी. पाणी बोअरचं, रोज संध्याकाळी पाइपने, खालून यायला लागलं की थांबवते. मोगऱ्याची छाटणी ५ फेब्रुवारीच्या सुमारास झाली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पारा ३७-३८ वर गेला, मग लागोपाठ दोन संध्याकाळी पाऊस, आता पुन्हा ऊन. त्यानंतर दिसतंय ते असं: जास्वंदीच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. मोगऱ्याच्या पश्चिमेकडच्या पानांच्या कडा करपल्या, पूर्वेकडची ठीक आहेत. अनंताची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. बोगनवेलीला फुलं कमी आणि पालाच जास्त. या आठवड्यात गारांचाही इशारा आहे.

पाऊस पडला त्या दिवशी पाणी द्यायचं का? शेडनेट आत्ताच बांधू का? कुंड्या बदलाव्यात का? खत?

माती_पाणी

ताई, "खालून यायला लागलं की थांबवते" इथेच बहुतेक दुखणं आहे. तांबडी माती आणि शेणखताचं मिश्रण एकदा कडक वाळलं की आकसतं, आणि मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो. बोटभर नाही, दोन-तीन मिमीची फट पुरते. पाइपचं पाणी त्या फटीतून सरळ तळाला जातं आणि भोकांतून बाहेर. आपल्याला वाटतं निचरा छान आहे, आणि मधला गोळा कोरडाच असतो.

तपासणी सोपी आहे. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने खुरप्याने झाडापासून वितीच्या अंतरावर १० सेंमी खोल उकरा. माती मुठीत दाबून गोळा होत नसेल, तर वरून कितीही पाणी गेलं तरी मुळं तहानलेली आहेत.

उपाय: कडेची फट मातीने बुजवून अंगठ्याने दाबा. ६-८ मिमीची सळई घेऊन कुंडीत आठ-दहा जागी २० सेंमी खोल टोचा, बुंध्याजवळ नको. मग झारीने २ लिटर घाला, वीस मिनिटं थांबा, पुन्हा २, पुन्हा थांबा, पुन्हा २. पहिली फेरी माती ओली करत नाही, ती फक्त तिला पाणी शोषण्याजोगी करते. हे तीन दिवस केलंत की गोळा पुन्हा फुगून भिंतीला लागतो.

आता पावसाचं. १ मिमी पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तुमच्या कुंडीचं तोंड ०.२७ चौरस मीटर. म्हणजे १० मिमीची सर, जिने अंगण वाहतं, ती कुंडीत जास्तीत जास्त २.७ लिटर टाकते. त्यातूनही मोगरा आणि जास्वंदीसारखी दाट झुडुपं छत्रीसारखं बरंचसं पाणी कुंडीबाहेर सांडतात. इकडे एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात भरल्या झाडांची अशी एक कुंडी दिवसाला ४ ते ५ लिटर सहज पिते, फेब्रुवारीत त्याच कुंडीला दीड-दोन लिटर पुरतं. म्हणून वळिवाची एक सर ही पाण्याची सुट्टी नव्हे. उभ्या भिंतीचा एक स्टीलचा डबा गच्चीच्या मध्यावर ठेवा आणि पावसानंतर पट्टीने मोजा. १५ मिमीच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पाणी. १५ ते २५ असेल तर एक दिवस वगळा. त्याहून जास्त असेल तर दोन दिवस थांबा, आणि तरीही आधी बोट घालून बघा.

वेळ सकाळची धरा, आठच्या आत. काळी कुंडी संध्याकाळी सहाला तापलेलीच असते. शिवाय वळिवाच्या दिवसांत संध्याकाळी तुम्ही पाणी घातलंत आणि रात्री पाऊस आला, तर माती रात्रभर चिखल होऊन बसते.

मोगऱ्याची पश्चिमेचीच पानं करपली यात नुसतं ऊन नाही. काळ्या प्लास्टिकची पश्चिमेची भिंत इतकी तापते की तिला चिकटलेली बारीक मुळं मरतात, आणि त्या मुळांवर पोसली जाणारी बाजू आधी करपते. भिंतीला बाहेरून दुहेरी गोणपाट किंवा २ सेंमीचा थर्माकोल लावा, किंवा पांढरा रंग द्या. समोर विटांची एक रांग उभी केली तरी चालेल, सावली भिंतीवर पडणं महत्त्वाचं. मातीवर ५ सेंमी पालापाचोळा किंवा उसाचं पाचट टाका. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर पावसानंतर बुंधा ओला राहून कुजतो.

नाशिक_परसबाग

शेडनेट कायमचं बांधू नका. मोगऱ्याला कळ्या धरायला रोज सहा तास तरी ऊन लागतं, बोगनवेलीलाही तसंच. फेब्रुवारीपासून ५० टक्क्यांचं नेट डोक्यावर राहिलं तर पाला गर्द हिरवा दिसेल आणि फुलं येणार नाहीत. नेट काढता-घालता आलं पाहिजे: वरच्या कडेला तारेत कड्या, खालच्या कडेला हूक. दुपारी बारा ते चार ओढायचं, ३६ च्या खाली दिवस असेल तर नाही.

गारांसाठी तेच नेट चालतं, पण बांधण्याची पद्धत वेगळी. सपाट बांधलं की मधोमध झोळ पडतो आणि गारा साठतात. ५ सेंमी थर साठला तर चौरस मीटरला पंचवीस-तीस किलो वजन होतं, मग नेट झाडावरच बसतं आणि गारांनी मोडलं नसतं ते वजनाने मोडतं. उतार द्या, मीटरला किमान ३० सेंमी, खालची कड गच्चीच्या आतल्या बाजूला, म्हणजे गारा रस्त्यावर न जाता आत घरंगळतील. झाडाच्या शेंड्यापासून नेट वीतभर तरी वर हवं. बांधायला नायलॉनची दोरी आणि मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. वाऱ्याचा हिसका ट्यूब खाते, नेट फाटत नाही.

आमच्या भागात २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट लोक विसरलेले नाहीत. द्राक्षबागांबरोबर परसबागांचंही होत्याचं नव्हतं झालं. त्या अनुभवातून ठरलेली गोष्ट: गारांनंतर घाईने सगळं छाटू नये. मोडलेली फांदी मोडल्या जागेच्या खाली, डोळ्याच्या अर्धा सेंमी वर, धारदार कात्रीने कापा. फाटलेली पानं राहू द्या. ती काढलीत की दुसऱ्याच दिवशीच्या ३८ अंशात आतली कोवळी साल उघडी पडून भाजते, आणि ती जखम गारेपेक्षा वाईट. कोरडा दिवस बघून कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारा. पंधरा दिवस नत्राचं खत बंद.

कोथरूड_गच्ची

माती_पाणी, उकरून पाहिलं. वरचे दोन बोटं ओलं, खाली भुगा. सळईने टोचून तीन फेऱ्यांत पाणी दिलं, पहिल्यांदाच ६ लिटर आत राहिलं. धन्यवाद.

आता दोन शंका. तळाची खडी काढावी का? आणि जास्वंदीसाठी ४५ सेंमी खोल सिमेंटची कुंडी बघितली आहे, ९० बाय ४५ ची. गच्ची पेलेल का?

कुंडीतली_झाडं

खडी काढाच, पण आत्ता नाही.

निचऱ्यासाठी खडी हा सर्वत्र पसरलेला समज आहे आणि तो उलटा काम करतो. बारीक कणांची माती खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये पाणी सहजासहजी सोडत नाही. मातीचा तळ पूर्ण भिजून ओथंबला की मगच थेंब खाली पडतो. म्हणजे प्रत्येक कुंडीच्या तळाशी जो कायम ओला पट्टा असतो, तो खडीमुळे ५ सेंमी वर सरकतो, मुळांच्या जवळ. शिवाय तुमच्या कुंडीत ५ सेंमी खडी म्हणजे ८१ पैकी साडेतेरा लिटर जागा गेली. एकाच कुंडीत वर भुगा आणि खाली चिखल, ही अवस्था अशीच येते. जास्वंदीची गळ यातूनही असू शकते.

आता मोगरा कळ्यांवर आहे, ऊन वाढतंय, मुळं हलवायची ही वेळ नाही. कुंडी बदलायची ती पाऊस स्थिरावल्यावर किंवा पुढच्या फेब्रुवारीत. "पाऊस स्थिरावल्यावर" यासाठी कॅलेंडर बघू नका. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून, आणि २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला. सलग चार-पाच दिवस ढगाळ आणि दमट, दुपारचा पारा ३२ च्या खाली, ही खूण धरा.

तेव्हाचं मिश्रण, घनमापाने: तांबडी माती ४ भाग, मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत ३, धुतलेलं कोकोपीट २, भाताचं तूस किंवा वाटाण्याएवढे विटेचे तुकडे १. एका कुंडीला २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असतात आणि तुमचं पाणी आधीच बोअरचं. काळी माती अजिबात नको, कुंडीत ती ओली असताना दगड आणि वाळली की भेगा. भोकं मोजा: ९० सेंमीला १० मिमीची सहा ते आठ, त्यातली दोन बाजूच्या भिंतीत, तळापासून २ सेंमी वर. कुंडी विटांवर उचला म्हणजे भोकं जमिनीला चिकटणार नाहीत.

सिमेंटच्या कुंडीबद्दल स्पष्ट सांगतो: नको. ९० बाय ४५ बाय ४५ म्हणजे १८२ लिटर. ओली तांबडी माती लिटरला १.७ किलो धरली तर ३१० किलो, वर सिमेंटचं वजन वेगळं. हे सगळं ०.४ चौरस मीटरवर. वापरातल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकांत धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा आहे. तो सगळ्या स्लॅबवर पसरलेला धरतात हे खरं, तरी असं वजन तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवरच ठेवावं, आणि त्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. जास्वंदीला ४५ सेंमी व्यासाची, तितकीच खोल पांढरी ग्रो बॅग द्या. ७० लिटर माती मावते, वरचं हलकं मिश्रण भरलं तर ओली असताना साधारण ऐंशी किलो. शिवाय पांढरी असल्याने तापत नाही.

नाशिक_परसबाग

खडीचं पटलं, पण भोकांवर काहीच नसेल तर माती वाहून जाते आणि पहिल्या मोठ्या पावसात भोकं बुजतात. त्याचं काय?

कुंडीतली_झाडं

खिडकीच्या डासांच्या जाळीचा तळहाताएवढा तुकडा प्रत्येक भोकावर, किंवा जुनी पद्धत: खापरी, फुगीर बाजू वर. थर नको, झाकण हवं. आणि पावसाळ्याआधी एकदा खालून तार घालून प्रत्येक भोक मोकळं करा.

अनंत_कुंती

अनंताबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितेय. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र म्हटलं असतं. बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्याने मातीचा सामू (पीएच) वर जातो आणि मातीत लोह असूनही अनंताला ते उचलता येत नाही. मुळं ओथंबलेल्या मातीत राहिली तरी हेच लक्षण दिसतं, त्यामुळे आधी वर सांगितलेलं पाणी सुधारा, मगच औषध.

दुकानात चिलेटेड लोह (झाडाला उचलता येईल अशा रूपातलं) मागताना पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. स्वस्त मिळतं ते बहुधा ईडीटीए असतं, आणि सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत ते टिकत नाही, फवारणीपुरतंच चालतं. ईडीडीएचए लिटरला १ ग्रॅम, झाडाला २ लिटर, ओल्या मातीत, ऊन उतरल्यावर. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पिवळी झालेली पानं फारशी सुधारत नाहीत. नवी पानं हिरवी येतात का ते बघायचं. फवारायचं असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, तेही सूर्य मावळल्यावर. लादीवर सांडू देऊ नका, गंजाचा डाग निघत नाही.

हे अवकाळी पाऊस तुमच्या अनंतासाठी मात्र सोनं आहेत. पागोळ्यांखाली दोन बादल्या ठेवा, पहिली पाच मिनिटं धूळ वाहू द्या, मग भरा, आणि झाकून ठेवा. अनंताला आठवड्यातून दोनदा हेच पाणी. कुंती जड पाणी निभावून नेते, तिची काळजी करू नका.

आणि अनंताला पश्चिमेचं ऊन झेपत नाही. ३५ च्या वर कळ्या उघडायच्या आधीच तपकिरी होऊन गळतात. पावसाळ्यात त्याला कुंतीपासून वेगळं करून पूर्वेच्या भिंतीशी न्या. तोवर कुंतीला त्याच्या पश्चिमेला वाढू द्या, तिची सावलीच त्याला पुरेल.

फुलबाग_छाटणी

जास्वंद: गळालेली कळी ब्लेडने उभी चिरा. आत पांढुरक्या बारीक अळ्या असतील तर पाणी दोषी नाही. गळालेल्या आणि पिवळ्या कळ्या रोज गोळा करून पिशवीत बांधून टाका, मातीवर राहू देऊ नका, कारण अळी मातीत कोष करते. अळी नसेल तर एक उघडणारी कळी पांढऱ्या कागदावर झटका. रेघेएवढे, सरपटणारे पिवळट किडे म्हणजे फुलकिडे. कडुलिंबाचं तेल ५ मिली आणि १ मिली पातळ साबण लिटरभर पाण्यात, संध्याकाळी, पाच-सहा दिवसांनी तीनदा. काहीच सापडलं नाही तर तो पाण्याचा चढउतार, आणि तो तुम्ही सुधारायला घेतलाच आहे. आता छाटणी फक्त शेंड्यांची, एखादं पेर. एक-तृतीयांश छाटणीची वेळ फेब्रुवारीतच गेली.

मोगरा: फुलांचा पहिला बहर संपला की फुललेल्या टोकाखाली दोन-तीन पेरं कापा, साधारण महिन्या-सव्वा महिन्याने पुढचा बहर येतो. जांभळट पडलेली, बारीक छिद्र असलेली कळी दिसली की तोडा, ती कळी पोखरणाऱ्या अळीची. पानांखाली लाल कोळी आली तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुवा, तीन दिवस सलग. पाण्यात मिसळायचं गंधक लोक सुचवतील. ३२-३३ अंशांच्या वर ते पानं भाजतं, आत्ता हात लावू नका.

बोगनवेलीला तहान लागली तरच ती फुलते. पाऊस आणि रोजचं पाणी मिळालं की पाल्याकडे वळते. पिटुनियाला मात्र रोज पाणी लागतं, म्हणून ही जोडी एका कुंडीत जमत नाही. पिटुनियाचा मोसम तसाही संपला, काढून टाका. जागा रिकामी नको असेल तर चिनी गुलाबाच्या (पोर्चुलाका) काड्या टोचा, त्यालाही कोरडं चालतं. बोगनवेलीची पानं दुपारी किंचित मलूल दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी, तोवर नाही.

खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) लिटरला २ ग्रॅम, पंधरवड्याला, आधी साधं पाणी घालून मगच. ३८ च्या वरच्या आठवड्यात खत बंद. त्या उन्हात फुटलेली कोवळी पालवी तशीच करपते. २५ मिमीच्या वर पाऊस झाला तर खत वाहून जातं, पण लगेच भरपाई करू नका, माती वाफशावर (चिखल सरून नुसती ओलसर) येऊ द्या.

कोथरूड_गच्ची

गोणपाट, आच्छादन, डबा झालं. कळी चिरली, अळी नाही. नेटच्या कड्या उद्या बसतील, पण आज दुपारपासून पश्चिमेला ढग चढतायत. हातात अर्धा-पाऊण तास आहे. काय करू?

नाशिक_परसबाग

आधी वारा, मग गारा. वळिवात पहिली दहा मिनिटं वाऱ्याची असतात. ३० सेंमी खोल कुंडीत मीटरभराहून उंच वाढलेलं झुडूप कुंडीसकट कलंडतं, म्हणून जास्वंद आणि बोगनवेल दोन जागी सुतळीने कठड्याच्या आतल्या गजाला बांधा, गाठ सैल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, म्हणजे साल घासणार नाही. कठड्यावर ठेवलेली लहान कुंडी एकही राहू देऊ नका, ती खाली कुणाच्या डोक्यात जाईल.

मग मोगरा. त्याच्या दोन्ही टोकांना झाडापेक्षा उंच एकेक काठी खोचा, मध्ये दोरी ताणा आणि जुनी चादर दुहेरी करून त्यावर तंबूसारखी टाका. खालची टोकं विटांखाली. चादर पानांना टेकू नये. अनंताला बांबूची टोपली उपडी घाला, वर वीट.

गच्चीच्या पन्हाळीचं तोंड साफ करा. पाचट वाहून तिथे अडकलं तर गच्चीत पाणी तुंबून कुंड्यांच्या भोकांतून आत शिरेल.

पाऊस थांबला की चादर आणि टोपली लगेच काढा, ओली चादर रात्रभर राहिली तर बुरशी येते. सकाळी आधी डबा मोजा, मग बोट घाला, मगच झारी उचला.